नायट्रेट अंगवळणी पडते तेव्हा

प्रश्न : माझे वय 66 असून मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुक्काम कराड. दीड वर्षापूर्वी अँजिओग्राफी होऊन एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. दुसऱ्या एका लहान फांदीतील अडथळा डॉक्टरांनी औषधांवर ठेवला आहे. जिना चढताना छाती भरून येत असे, म्हणून काही महिन्यांपूर्वी आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट 20 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. औषधाच्या दुकानातील पाकिटावर 1-0-1 अशी खूण असल्याने मी ती गोळी सकाळी 8 आणि रात्री 8 वाजता अगदी घड्याळ लावून घेतो, एकही चुकवत नाही. सुरुवातीला डोके फार दुखायचे, ते थांबले. महिनाभर छान वाटले. आता मात्र जिन्यावर पुन्हा पूर्वीसारखेच होते आणि जिभेखालची गोळीही लवकर उतार देत नाही. न्यू जर्सीत असलेल्या पुतण्याने वाचले आहे की नायट्रेट शरीराच्या अंगवळणी पडते आणि अँटिऑक्सिडंट घेतले तर तसे होत नाही. त्याने क जीवनसत्त्वाच्या 1000 मिलिग्रॅमच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या 400 युनिटच्या गोळ्यांच्या बाटल्या पाठवल्या आहेत. पत्नी रोज बिटाचा रस देते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन चालू आहेत. या बाटल्या सुरू करू का, की नायट्रेटची मात्रा वाढवून घेऊ?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पुतण्याने वाचलेली गोष्ट निराधार नाही, आणि ती कुठवर खरी आहे हे मी पुढे सविस्तर सांगणार आहे. परंतु आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य बाटल्यांविषयीचे नसून सकाळी 8 आणि रात्री 8 या वेळांविषयीचे आहे. आपला त्रास परतण्याचे कारण, आणि बहुधा त्यावरचा उपायही, त्या वेळापत्रकात असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

त्याआधी एक सावधगिरी. थांबलेली छातीतील कळ पुन्हा सुरू होते तेव्हा ती केवळ औषध अंगवळणी पडल्यामुळेच आहे असे घरी बसून ठरवता येत नाही. औषधांवर ठेवलेला अडथळा वाढला असेल, स्टेंटमध्ये पुन्हा अरुंदपणा आला असेल, रक्तातील हिमोग्लोबिन कमी झाले असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तरी लक्षण हेच दिसते. म्हणून याच आठवड्यात आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. विश्रांतीत किंवा झोपेत कळ येऊ लागली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात येऊ लागली, किंवा बसून जिभेखाली एक गोळी ठेवल्यावर 5 मिनिटांत उतार पडला नाही, तर भेटीचा विचार सोडून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जिभेखालची गोळी पूर्वीइतकी लवकर काम करत नाही असे आपण लिहिले आहे. त्याचा एक निरुपद्रवी खुलासा पुढे येईल, पण तो खुलासा माहीत आहे म्हणून घरीच थांबून राहणे मला मान्य नाही.

आता नायट्रेटविषयी. या गटातील औषधे शरीरात गेल्यावर त्यांच्यापासून नायट्रिक ऑक्साइड किंवा त्याचेच काम करणारा रेणू तयार होतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू त्यामुळे सैलावतात. नीला सैलावल्या की हृदयाकडे परतणारे रक्त थोडे कमी होते, हृदयावरचा भार हलका होतो आणि त्याची प्राणवायूची गरज घटते. हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्याही काही प्रमाणात रुंदावतात. याच गटातील नायट्रोग्लिसरीन प्रथम तयार केले ते 1847 साली तुरिन येथे अस्कानियो सोब्रेरो यांनी, आणि त्याची किंचित चव घेतल्यावर डोके जोरात दुखते हेही त्यांनीच नोंदवले. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी ते हृदयशूलावर, म्हणजे आपल्यासारख्या छातीतील कळीवर, वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. त्यातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो हे मात्र फेरिद मुराद यांनी 1977 मध्ये दाखवले, आणि या रेणूवरील कामासाठी 1998 चे नोबेल पारितोषिक रॉबर्ट फर्चगॉट, लुईस इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. म्हणजे जवळजवळ शतकभर हे औषध कसे चालते हे नीट न कळताच दिले जात होते. वैद्यकात असे अनेकदा घडते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

औषध अंगवळणी पडण्याच्या ज्या प्रकाराला डॉक्टर टॉलरन्स म्हणतात तो मात्र दवाखान्याच्या आधी कारखान्यात दिसला. स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांत नायट्रोग्लिसरीनच्या वाफेत आणि स्पर्शात काम करणाऱ्या कामगारांचे डोके सोमवारी प्रचंड दुखे आणि आठवडा पुढे सरकेल तसे थांबे. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा तेच. शरीराची सवय मोडू नये म्हणून काही कामगार सुट्टीच्या दिवशी टोपीच्या पट्टीत थोडे नायट्रोग्लिसरीन चोळून ठेवत असत. याची दुसरी बाजू अधिक गंभीर होती. संपर्क तुटल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काही कामगारांना छातीत कळ येई, आणि क्वचित आकस्मिक मृत्यूही ओढवे. आपली डोकेदुखी पहिल्या काही आठवड्यांनंतर थांबली ती याच नियमाने. तेवढ्यावरून औषध निकामी झाले असे म्हणता येत नाही, कारण डोक्याच्या रक्तवाहिन्या आणि हृदयावरचा परिणाम एकाच वेगाने सरावत नाहीत. पण शरीर या औषधाला किती लवकर सरावू शकते, याची ती एक खूण नक्कीच आहे.

किती लवकर, याचे मोजमाप झालेले आहे. 1991 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयशूल असलेल्या 562 रुग्णांना नायट्रोग्लिसरीनचे, त्वचेवर चिकटवून त्यातून औषध हळूहळू शरीरात जाणारे, पट्टे चोवीस तास सतत लावून ठेवले होते. पट्टा लावल्यावर काही तासांत रुग्ण अधिक वेळ चालू शकले, परंतु 24 तास पूर्ण होईपर्यंत तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला होता, आणि पट्ट्याची मात्रा कितीही मोठी केली तरी त्यात फरक पडला नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मात्रा वाढवावी का याचे, उत्तर मुख्यतः या निष्कर्षात आहे. औषध रक्तात अखंड राहत असेल तर त्याची मात्रा वाढवून टॉलरन्स हटत नाही, उलट वाढू शकतो.

आपली गोळी नायट्रोग्लिसरीनची नाही, मोनोनायट्रेटची आहे. तिचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे 5 तास लागतात. सकाळी 8 वाजता घेतलेल्या गोळीचा अंश रात्री 8 पर्यंत उरतो आणि तेवढ्यात दुसरी गोळी येते, त्यामुळे चोवीस तासांत रक्त नायट्रेटपासून मोकळे असे कधी होतच नाही. म्हणून 20 मिलिग्रॅमची साधी मोनोनायट्रेट गोळी दोनदा द्यायची असेल तर दोन गोळ्यांत 12 नव्हे तर सुमारे 7 तासांचे अंतर ठेवण्याची पद्धत आहे : पहिली सकाळी उठल्यावर 8 च्या सुमारास आणि दुसरी दुपारी 3 च्या सुमारास. मग दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंतच्या काळात औषध ओसरत जाते आणि रक्तवाहिन्या पुन्हा संवेदनशील होतात. डायनायट्रेट हे याच गटातील दुसरे औषध घेणाऱ्यांनाही शेवटची गोळी संध्याकाळच्या आत दिली जाते, पट्टा लावणाऱ्यांना तो रात्री काढायला सांगतात, आणि दिवसभर हळूहळू सुटणारी मोनोनायट्रेटची गोळी फक्त सकाळी एकदाच देतात. चोवीस तासांतील साधारण 10 ते 12 तास नायट्रेट नसणे हाच या सगळ्याचा गाभा आहे.

इतर औषधांबाबत आपण आयुष्यभर ऐकलेला नियम नेमका याच्या उलट असल्याने हे पचायला जड जाते. प्रतिजैविके, फिट्सची औषधे, रक्तदाबाच्या अनेक गोळ्या यांचे प्रमाण रक्तात सारखे राहावे म्हणून समान अंतराने घ्यायच्या असतात, आणि हिशेबाच्या माणसाला तर 8 ते 8 हेच बरोबर वाटणार. पाकिटावरची 1-0-1 ही खूणही दुकानात सवयीने मारली जाते. डॉक्टरांची मूळ चिठ्ठी काढून पाहा. तिच्यावर 1-1-0 किंवा ‘सकाळ-दुपार’ असे लिहिलेले असण्याची बरीच शक्यता आहे. तसे असेल तर दुसरी गोळी दुपारी घेणे म्हणजे औषधात बदल नव्हे, मूळ सूचनेवर परत येणे होय. तरीही डॉक्टरांना दूरध्वनी करूनच ते करावे. चिठ्ठीवरच 1-0-1 असेल तर भेटीत हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

रात्री नायट्रेट नसेल तर तेव्हा हृदयाला कोण सांभाळणार, ही शंका रास्त आहे. नायट्रेट ओसरण्याच्या काळात, विशेषतः पहाटे पहिल्या गोळीच्या आधी, काही रुग्णांना कळ येण्याचा उंबरठा खाली आल्यासारखा अनुभव येतो. कारखान्यातील कामगारांचा रविवार आणि सोमवार येथेही थोड्या प्रमाणात उगवतो. याच कारणासाठी नायट्रेट सहसा एकटे दिले जात नाही. आपल्याला मेटोप्रोलॉल चालू आहे, आणि ते हृदयाची गती रात्रीही आवरून धरते. मेटोप्रोलॉल मनाने बंद करणे किंवा विसरणे हे नायट्रेट विसरण्यापेक्षा अधिक धोक्याचे आहे. ज्यांचा त्रास मुख्यतः रात्रीच असतो, त्यांच्या बाबतीत डॉक्टर नायट्रेटमुक्त काळ दिवसा ठेवू शकतात. म्हणूनच हा निर्णय रुग्णाच्या कळीच्या वेळांवर अवलंबून असतो, आणि आपण पंधरा दिवसांची तशी नोंद ठेवून नेली तर डॉक्टरांचे काम सोपे होईल.

जिभेखालची गोळी कमी लागू पडण्याचा खुलासाही यातच आहे. चोवीस तास एका नायट्रेटला सरावलेले शरीर दुसऱ्या नायट्रेटलाही कमी दाद देते. वेळापत्रक सुधारल्यावर ती पुन्हा चांगली काम करू लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तोपर्यंत ती गोळी जुनी तर नाही ना, बाटलीचे झाकण घट्ट आहे ना, हेही पाहून घ्यावे. नायट्रोग्लिसरीनच्या जिभेखालच्या गोळ्या विशेष नाजूक असतात, त्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवाव्या लागतात आणि प्लॅस्टिकच्या डबीत किंवा कापसात ठेवल्यास त्यांतील औषध उडून जाते. आपल्याकडे अधिक चालणाऱ्या सॉर्बिट्रेटसारख्या डायनायट्रेटच्या गोळ्या त्यामानाने टिकाऊ असतात. गोळी घेताना बसावे, उभे राहू नये.

आता पुतण्याच्या मुद्द्याकडे. टॉलरन्स का येतो याविषयी गेल्या पन्नास वर्षांत अनेक कल्पना पुढे आल्या. 1970 च्या दशकात असे मानले गेले की नायट्रेटचे रूपांतर करण्यासाठी लागणारे गंधकयुक्त गट पेशींत संपून जातात. पुढे असे दिसले की रक्तवाहिन्या सैलावल्यावर शरीर प्रतिकार म्हणून संप्रेरके सोडते, मीठ-पाणी धरून ठेवते आणि रक्ताचे आकारमान वाढवते. 1995 मध्ये थॉमस म्युन्त्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की सतत नायट्रोग्लिसरीन दिल्यास रक्तवाहिनीच्या भिंतीतच सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक, म्हणजे इतर रेणूंशी झटकन संयोग पावणारा अस्थिर रेणू, वाढते. हे मूलक नायट्रिक ऑक्साइडला गाठताच त्याचा नाश करते, आणि त्या संयोगातून तयार होणारा पदार्थ रक्तवाहिनीच्या अस्तरातील इतर यंत्रणाही बिघडवतो. 2002 मध्ये जोनाथन स्टॅमलर यांच्या गटाने नायट्रोग्लिसरीनचे रूपांतर करणारे एक विकर (एन्झाइम) पेशीच्या तंतुकणिकेत (मायटोकाँड्रियात) शोधून काढले, आणि तेच विकर मुक्त मूलकांमुळे निकामी होते असे पुढील कामातून दिसत गेले. अशा रीतीने औषध स्वतःच्याच मार्गात अडथळा उभा करते. या चित्रात अँटिऑक्सिडंटला, म्हणजे अशी मूलके निकामी करणाऱ्या क आणि ई जीवनसत्त्वांसारख्या पदार्थांना, जागा आहे, हे मान्यच करावे लागते.

माणसांवरचे प्रयोगही झाले. जपानमध्ये 1997 साली प्रसिद्ध झालेल्या, खरी गोळी आणि खोटी गोळी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात 24 निरोगी माणसे आणि 24 हृदयरुग्ण यांना ई जीवनसत्त्व 200 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले गेले आणि त्यांच्या अंगावर शेवटचे 3 दिवस नायट्रोग्लिसरीनचे पट्टे सतत ठेवले गेले. 6 दिवसांनी, ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या हाताच्या रक्तवाहिन्या नायट्रोग्लिसरीनला अजूनही चांगला प्रतिसाद देत होत्या, खोटी गोळी घेणाऱ्यांच्या देत नव्हत्या. पुढच्याच वर्षी क जीवनसत्त्वाबाबत जपानमध्ये आणि जर्मनीत तशाच स्वरूपाचे निष्कर्ष आले. पुतण्याने जे वाचले ते बहुधा यांपैकीच काही असावे. काही प्रयोगशाळांना हा परिणाम दिसला नाही, तेही येथे नोंदवतो.

मग मी या बाटल्यांची शिफारस का करत नाही? एक तर हे प्रयोग दिवसांचे आहेत, महिन्यांचे नाहीत, आणि मोजले गेले ते हातातील रक्तप्रवाह आणि रक्तातील रासायनिक खुणा. रुग्णाची जिन्यावरची कळ कमी झाली का, त्याला झटका कमी आला का, हे त्यांत पाहिलेच नाही. शिवाय त्यांतील पट्टा चोवीस तास लावलेला होता. म्हणजे टॉलरन्स मुद्दाम आणून मग तो जीवनसत्त्वाने रोखण्याचा तो प्रयत्न होता. प्रत्यक्ष उपचारात रात्री पट्टा काढला किंवा दुपारनंतर गोळी दिली नाही तर हाच टॉलरन्स पुष्कळसा टळतो, पैसे लागत नाहीत आणि वर सांगितलेला पहाटेचा त्रास सोडला तर दुष्परिणामही नाहीत. माझ्या मते हा युक्तिवाद इतर सर्वांपेक्षा वजनदार आहे.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातींत कधीच येत नाही, ती रक्तातील प्रमाणाची. सुपरऑक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड यांचा संयोग जवळजवळ रेणू भेटताक्षणी होतो. क जीवनसत्त्वाशी सुपरऑक्साइडचा संयोग त्याच्या हजारो पट मंद आहे. त्यामुळे नायट्रिक ऑक्साइडला वाचवायचे तर क जीवनसत्त्व प्रचंड प्रमाणात, एका लिटरमागे काही हजार मायक्रोमोल (रेणूंची संख्या मोजण्याचे एकक), असावे लागते. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी हे गाठता येत नाही. नेहमीच्या चांगल्या आहारात रक्तद्रवातील क जीवनसत्त्व लिटरला 70 ते 80 मायक्रोमोलच्या आसपास पोहोचून स्थिरावते. मोठ्या मात्रेच्या गोळ्या वारंवार घेऊनही ते सुमारे 220 च्या पुढे जात नाही, कारण आतडी कमी शोषतात आणि मूत्रपिंडे जास्तीचे बाहेर टाकतात. टोरांटोमध्ये 2007 साली निरोगी माणसांना 120 मिलिग्रॅम मोनोनायट्रेट रोज एकदा आठवडाभर दिले तेव्हा रक्तवाहिनीच्या अस्तराचे काम बिघडलेले आढळले. क जीवनसत्त्वाने ते सुधारले खरे, परंतु ते जीवनसत्त्व थेट हाताच्या रोहिणीत सोडले होते. आपल्या गोळीविषयी हा महत्त्वाचा पुरावा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे : मुक्त मूलकांचा दोष मोनोनायट्रेटलाही लागू आहे, पण त्यावर काम करणारी मात्रा बाटलीतील गोळीतून मिळत नाही. तोंडाने जीवनसत्त्व दिलेल्या प्रयोगांत जो फायदा दिसला तो मूलके सरळ शोषून घेण्याऐवजी अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड बनवणारी यंत्रणा टिकवून धरल्याने असू शकेल.

हृदयरुग्णांनी जीवनसत्त्वे वर्षानुवर्षे घेतली तर काय होते, हे जगात फार मोठ्या प्रमाणावर तपासून झाले आहे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ या चाचणीत 9,541 जोखमीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना ई जीवनसत्त्वाची 400 युनिटची गोळी, म्हणजे नेमकी आपल्या बाटलीतील मात्रा, सरासरी साडेचार वर्षे दिली गेली; झटके, पक्षाघात किंवा मृत्यू यांत काहीही फरक पडला नाही. त्याच रुग्णांचा पुढे अधिक काळ पाठपुरावा केला तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हृदय कमकुवत होण्याचे प्रमाण थोडे जास्तच आढळले. ब्रिटनमध्ये 2002 साली 20,536 लोकांवरील चाचणीत ई जीवनसत्त्व 600 मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व 250 मिलिग्रॅम आणि बीटा-कॅरोटीन 20 मिलिग्रॅम रोज देऊनही पाच वर्षांत काही लाभ दिसला नाही. या चाचण्या टॉलरन्ससाठी आखलेल्या नव्हत्या, हे खरे. पण त्यांतील पुष्कळ रुग्ण आपल्यासारखेच होते, आणि ज्या गोळीने त्यांचे भले झाले नाही ती दुसऱ्या एका कारणासाठी वर्षानुवर्षे घेण्यास मी सांगणार नाही.

आपल्या बाबतीत ई जीवनसत्त्वाला माझा ठाम नकार आहे. आपण अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही घेता. या दोन्हींमुळे रक्त गोठण्याची क्रिया आधीच मंदावलेली असते, आणि मोठ्या मात्रेतील ई जीवनसत्त्व तिला आणखी मंद करू शकते. दात काढणे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा पुन्हा अँजिओग्राफी असा प्रसंग आला तर ही गोळी डॉक्टरांना सांगायची राहून जाते, हा नेहमीचा अनुभव आहे. क जीवनसत्त्वाची 1000 मिलिग्रॅमची गोळी अधूनमधून घेतल्याने आभाळ कोसळणार नाही, मात्र मुतखडा पूर्वी झालेला असल्यास किंवा मूत्रपिंडे कमकुवत असल्यास ती नको. मधुमेह असेल तर मोठ्या मात्रेतील क जीवनसत्त्वामुळे घरच्या काही साखर मोजण्याच्या यंत्रांचे आकडे चुकू शकतात. आवळा, पेरू, मोसंबी, कोथिंबीर यांतून मिळणारे क जीवनसत्त्व हवे तेवढे घ्या. 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पेशी भरण्यास तेवढे पुरेसे आहे.

मुक्त मूलकांच्या कल्पनेतून उपचारापर्यंत पोहोचलेले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे, कारण पुतण्या आपल्याला तेही पाठवू शकेल. हायड्रॅलझीन हे रक्तदाबाचे जुने औषध नायट्रेटसोबत दिले की टॉलरन्स कमी येतो असे प्रयोगांत दिसले, आणि ते मूलके तयार होणे रोखते असा त्याचा एक अर्थ लावला गेला. अमेरिकेत 2004 मध्ये, स्वतःला आफ्रिकन-अमेरिकन म्हणवणाऱ्या आणि हृदय कमकुवत झालेल्या 1,050 रुग्णांवरील चाचणीत डायनायट्रेट आणि हायड्रॅलझीन एकत्र दिल्याने मृत्यूंचे प्रमाण 43 टक्क्यांनी घटले. हा फायदा टॉलरन्स टळल्यामुळेच झाला असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय तो उपचार हृदय कमकुवत झालेल्यांसाठी आहे, जिन्यावर कळ येणाऱ्या प्रत्येकासाठी नाही. फॉलिक आम्लाच्या मोठ्या मात्रेचेही निरोगी माणसांवरचे आशादायक प्रयोग आहेत, पण तेही आठवडाभराचेच.

बिटाच्या रसाचे काय? बिटातील नायट्रेट आणि आपल्या गोळीतील नायट्रेट हे रसायनशास्त्रात नात्याने दूरचे आहेत. बिटातील नायट्रेट तोंडातील जिवाणू नायट्राइटमध्ये बदलतात आणि त्यातून पुढे नायट्रिक ऑक्साइड बनतो. गोळीच्या रूपांतराचे मार्ग वेगळे आहेत आणि बिटाने आपल्या गोळीचा टॉलरन्स येतो किंवा जातो असे मानण्यास आधार नाही. बीट रक्तदाब थोडा उतरवते. आपल्या औषधांचाही तोच कल असल्याने रस पिऊन उठताना चक्कर येत असेल तर तो कमी करावा. नसेल तर पत्नीच्या हातचा एक पेला रस पिण्यास माझी हरकत नाही.

पत्रात आपण विचारलेले नाही, पण नायट्रेट घेणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सांगावेच लागते असे एक आहे. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गटातील लैंगिक शक्तीच्या गोळ्या नायट्रेटसोबत कधीही चालत नाहीत. रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. नायट्रेटची रात्रीची सुट्टी ही त्यांच्यासाठीची सोय नव्हे. अशी गोळी कधी घेतलेली असताना छातीत कळ आली तर रुग्णवाहिकेत आणि इस्पितळात ते संकोच न करता सांगावे, कारण सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट देता येत नाही. ‘आयुर्वेदिक शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत हीच औषधे न सांगता मिसळलेली सापडली आहेत.

भेटीला जाताना मूळ चिठ्ठी, औषधांची सर्व पाकिटे, पुतण्याने पाठवलेल्या दोन्ही बाटल्या आणि कळ केव्हा, किती पायऱ्यांनंतर आली याची नोंद सोबत न्यावी. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : दुसरी गोळी दुपारी 3 वाजता घेऊ का, किंवा सकाळी एकदाच घ्यायची दीर्घकाळ चालणारी गोळी माझ्यासाठी बरी का, वेळ बदलल्यावर किती दिवसांत फरक पडला नाही तर पुढची तपासणी करायची, आणि फरक न पडल्यास नायट्रेट वाढवण्याऐवजी मेटोप्रोलॉलची मात्रा, किंवा रॅनोलाझीन, आयव्हाब्रॅडिन, अ‍ॅम्लोडिपिन यांपैकी एखादे औषध जोडता येईल का. जिन्यापूर्वी किंवा ठरलेल्या चालण्यापूर्वी काही मिनिटे बसून जिभेखाली एक गोळी ठेवण्याची परवानगी आपल्याला आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. अशा अधूनमधूनच्या वापराने औषध अंगवळणी पडत नाही.